हमीभाव आणि थांबण्याची ऐपत

हमीभाव सर्वांना सारखाच जाहीर होतो, परंतु तो पदरात पाडून घेण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते, हे मी २०२४ च्या हंगामात आमच्या औसा तालुक्यातील गावात जवळून पाहिले.

त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले, तेव्हा भाव चढेल अशी आशा होती. मात्र सोयाबीनमधून तेल जेमतेम १८ टक्के निघते, बाकी बहुतांश पेंडच असते, आणि पेंडीला उठाव नसल्याने लातूरच्या आडत बाजारात भाव हमीभावाच्या बराच खाली राहिला. सरकारी खरेदी केंद्रांवर १२ टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा चालत नव्हता. ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली गेली नोव्हेंबरच्या मध्यावर. दिवाळी मात्र महिन्याच्या प्रारंभीच होऊन गेली होती.

मधल्या दिवसांत काय घडले, ते महत्त्वाचे आहे. आमच्या शेजारच्या तीन एकरवाल्या काकांनी रास झाली त्याच आठवड्यात माल आडतीवर घातला, कारण बी-खताची उधारी, मळणीची मजुरी आणि रब्बीची पेरणी एकदमच अंगावर आली होती. ज्यांच्याकडे पत्र्याचे शेड आणि घरात एक पगार होता, त्यांनी माल वाळवला, नोंदणी केली आणि हमीभाव घेतला. जमीन बटईने करणाऱ्याचे तर सातबारावर नावच नसते. त्याने नोंदणी कशाच्या आधारे करावी?

शुल्क वाढले की तेल महागते आणि त्याची झळ भूमिहीन मजुराच्या स्वयंपाकघराला बसते, हेही मला नाकारता येत नाही. म्हणूनच केवळ आयात शुल्कावर भिस्त ठेवणे मला अपुरे वाटते.

बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण योजना मला अधिक मोलाची वाटते. गोदामात ठेवलेल्या सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. परंतु दहा-बारा कट्टे घेऊन तालुक्याला जाण्याचे भाडे काकांना परवडत नाही, आणि ओला माल गोदामात घेतला जात नाही. वाळवणीचा ओटा आणि लहानसे गोदाम गावातच झाले, तर निदान त्यांना दिवाळीपूर्वी माल विकावा लागणार नाही.