पडद्यावर ८०, पाटीवर ५०: त्या १४ किलोमीटरांबद्दल

काल रात्री घरी पोचलो. अंग अजून आंबलेलं आहे, पण डोक्यात आहे तोवर लिहून टाकते. जाऊन-येऊन ६२० किलोमीटरचा प्रवास झाला, आणि हे सगळं लिहिते आहे ते त्यातल्या फक्त १४ किलोमीटरांसाठी, जिथे गाडीतल्या जीपीएसने वेगमर्यादा चुकीची दाखवली. गाडी नीट चालवता येते, टायर-ब्रेक ठीक आहेत आणि सलग चार तास बसायची सवय आहे, हे धरूनच चालते.

दोन गाड्या होत्या. पुढे माझी, काचेला जीपीएस यंत्र चिकटवलेलं आणि शेजारी मुलगी. मागे दादाची नवी गाडी, तिच्यात रस्त्यावरच्या पाट्या वाचणारा कॅमेरा. निघायच्या आदल्या रात्री दीड तास बसून मी यंत्रातला नकाशा अद्ययावत केला होता. ‘आपला नकाशा ताजा आहे’ असं त्याने पडद्यावर लिहूनही दाखवलं आणि मी त्यावर विसंबले. सगळी गडबड तिथेच झाली.

पहिले दोनशे किलोमीटर द्रुतगती रस्ता. पाटी आणि पडदा जुळत होते. पुढे चला.

मग तो १४ किलोमीटरांचा पट्टा लागला. दुपदरी रस्ता चौपदरी करायचं काम चालू आहे. मध्येच डायव्हर्जन, मध्येच नवा उड्डाणपूल, आणि त्याच्या अगदी अंगाला लागून खालून जाणारा जुना रस्ता, आता सर्व्हिस रोड झालेला. पडद्यावर ८० होते, मी ७४ने चालले होते. वळण संपतं तिथे झाडाच्या फांदीआड ५०ची पाटी, आणि तिच्यापुढे जेमतेम चारशे मीटरवर वेग मोजणारे पोलीस. यंत्राने चकार शब्द काढला नाही. मी पडद्याकडे बोट दाखवलं, पोलिसांनी मागच्या पाटीकडे. दंड भरला. तुमच्यावर ही वेळ आली तर वाद घालू नका, कायदा पाटी मानतो, पडदा मानत नाही. पण रात्री झोप लागली नाही हे खरं. दंडापेक्षा मला त्या ‘ताजा आहे’चा राग आला होता.

म्हणून परतताना मुलीच्या मांडीवर वही दिली. तीन रकाने: किलोमीटरचा दगड, पाटीवरचा आकडा, पडद्यावरचा आकडा. १४ किलोमीटरांत ११ पाट्या लागल्या, त्यातल्या ६ जुळल्या. ५ चुकल्या, आणि त्या पाचही जिथे काम चालू आहे किंवा नुकतं संपलं आहे तिथल्याच.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या रस्त्यावर फसणार नाही. यंत्राला रस्त्यावरची पाटी दिसत नाही. उपग्रहाकडून त्याला फक्त आपण कुठे आहोत ते कळतं. वेगमर्यादा येते ती आत साठवलेल्या नकाशातून. तिथे रस्त्याचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला एक आकडा जोडलेला असतो. तो आकडा कधी सर्वेक्षणाच्या गाडीने टिपलेला, कधी सरकारी माहितीतून घेतलेला, तर कधी पाटीची नोंदच नाही म्हणून ‘या प्रकारच्या रस्त्याला साधारण इतकी मर्यादा’ असं धरून भरलेला. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. कामापुरती लावलेली तात्पुरती पाटी तर नकाशात सहसा पोचतच नाही. नकाशा ताजा आहे याचा अर्थ कंपनीकडची शेवटची आवृत्ती आपल्याकडे आहे, एवढाच. ती आवृत्ती रस्त्याच्या किती महिने मागे आहे, हे पडदा सांगत नाही. फ्रान्समध्ये १ जुलै २०१८ला दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांची मर्यादा ९०वरून ८०वर आली. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ला वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांची ताशी ३० मैलांवरून २०वर आली. असा बदल एका रात्रीत लागू होतो आणि गाडीतला जुना नकाशा आपला जुनाच आकडा दाखवत राहतो.

आता उड्डाणपुलाचं ऐका, कारण माझ्या मते दंडापेक्षा तो भाग जास्त वाईट. पुलावर चढलो तेव्हा पडद्यावर ८०. मग ३०, पुन्हा ८०, पुन्हा ३०, सगळं मिनिटाच्या आत. ३० आला की आकडा लाल आणि कर्कश टुंई-टुंई. जाताना पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि मागच्या ट्रकने माझा आरसा भरून टाकला. त्याचा हॉर्न अजून कानात आहे. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा जीपीएसची जागा काही मीटर इकडेतिकडे होते. पूल आणि सर्व्हिस रोड एकमेकांना खेटून असले की आपण वर आहोत की खाली, हे यंत्राला ठरवता येत नाही. मर्यादा जास्त दाखवली तर दंड होतो, भरधाव रस्त्यावर अचानक कमी दाखवली तर मागून धडक बसते. आवाज ऐकून ब्रेक मारायचा नाही. आधी आरसा, मग पाटी, मग पाय.

दादाच्या कॅमेऱ्याबद्दलही लिहिते, कारण ‘कॅमेरावाली घ्या, प्रश्न मिटला’ असं मला तिघांनी सांगितलं होतं. नाही मिटत. फांदीआडची ५० त्याने बरोबर टिपली, हे मान्य. पण पुढे दोन किलोमीटरवर एका टँकरच्या मागे चिकटवलेलं ६०चं गोल स्टिकर वाचून त्याने मर्यादा ६० करून टाकली, आणि बाहेर पडणाऱ्या फाट्यासाठी लावलेली ४०ची पाटी सरळ जाणाऱ्या रस्त्याला लावली. युरोपीय संघात जुलै २०२४पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती कॅमेरा, नकाशा किंवा दोन्ही वापरते, आणि तिथेही जबाबदारी चालकाचीच धरली आहे. तरी दोन्हींत निवडायचं तर या पट्ट्यावर मी कॅमेरा निवडेन.

एक गोष्ट मात्र यंत्राच्या बाजूने सांगायलाच हवी. मर्यादेचा आकडा आणि आपल्या वेगाचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्या एकात एक मिसळतात. सरळ रस्त्यावर, स्थिर वेगाने जाताना जीपीएसने दाखवलेला आपला वेग डॅशबोर्डवरच्या काट्यापेक्षा खरा असतो. काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवतो. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ सांगतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही आणि जास्त दाखवायचं तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किलोमीटर, एवढंच. म्हणजे गाडी खरोखर ८०ने चालली असेल तर काटा ९२पर्यंत दाखवू शकतो. माझ्या गाडीत काटा ८०वर असताना यंत्र ७६ सांगतं. फक्त बोगद्यात आणि जोरात ब्रेक मारल्यावर त्या आकड्याकडे बघू नका, तो मागे पडतो.

निघण्याआधी यंत्राची सेटिंग उघडा. इशारा मर्यादा ओलांडताच द्यायचा की पाच-दहाने ओलांडल्यावर, हे तिथे ठरवलेलं असतं. माझ्या यंत्रात कुणीतरी दहावर ठेवलं होतं, ते मला परत आल्यावर दिसलं. गाडीमागे ट्रेलर जोडला असेल तर मर्यादेचा आकडा बघूच नका, तो सहसा साध्या मोटारीचा असतो. आणि नोंद नसलेल्या तुकड्यावर काही यंत्रं जागा कोरी ठेवतात, काही आधीचाच आकडा धरून ठेवतात. माझं दुसऱ्या प्रकारचं आहे. तुमचं कोणतं, ते घराजवळच्या एखाद्या आडरस्त्यावर जाऊन तपासून घ्या.

शेजारी कुणी असेल तर पाट्या मोठ्याने वाचायला सांगा. मुलीने ते १४ किलोमीटर न कंटाळता केलं, आणि येताना मी पूर्ण पट्टा एकदाही न दचकता पार केला. पलीकडे उतरलो तेव्हा इतकं हलकं वाटलं की दोघी मोठ्याने ओरडलो.

वहीतल्या पाचही जागा मी यंत्राच्या कंपनीला कळवल्या आहेत. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर वेगमर्यादा कुणालाही सुधारता येते, तिथे मी दोन्ही दिशा वेगवेगळ्या भरल्या, कारण जातानाची ५० येताना ६० आहे. तुमच्या यंत्रात हे उतरायला वेळ लागेल. तोवर उड्डाणपुलाच्या आधीच्या मोठ्या वळणावर इशाऱ्याचा आवाज बंद करा, पूल उतरल्यावर चालू करा, आणि डाव्या हाताच्या झाडीवर नजर ठेवा. फांदी अजून छाटलेली नाही.