तुम्ही विचारलंत म्हणून : वाढीचे इंजेक्शन का देत नाही?

मी बेळगावात बालरोगतज्ज्ञ आहे, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणारे पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, पोराची उंची खुंटली आहे, तर वाढीचे इंजेक्शन का देत नाही?" बहुतेक बुटक्या मुलांना ते लागतच नाही; काही मोजकी मुले मात्र अशी असतात की, ते देऊनही उपयोग होत नाही, आणि त्यांच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

वाढीचे संप्रेरक (ग्रोथ हार्मोन, जे या इंजेक्शनात असते) यकृतातील पेशींवरच्या ग्राहीला, म्हणजे त्याचा संदेश घेणाऱ्या भागाला, जोडले गेले की यकृत आयजीएफ-१ हे द्रव्य तयार करते, आणि हाडे लांब होण्यासाठी ते लागते. हा ग्राहीच जन्मतः सदोष असेल, तर रक्तात संप्रेरक भरपूर आणि आयजीएफ-१ अगदी कमी आढळते. दारावर थाप पडत राहते, पण आत ऐकणारे कोणी नसते. तिथे बाहेरून आणखी संप्रेरक देण्यात अर्थ नाही. इस्राएलमधील झ्वी लॅरॉन आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून याला लॅरॉन सिंड्रोम म्हणतात.

अशा बाळाची लांबी जन्मतः फारशी कमी नसते, पण पुढे वाढ झपाट्याने मागे पडते. कपाळ पुढे आलेले, केस विरळ, दात उशिरा, आणि उंची कमी असूनही अंगावर चरबी, असे रूप दिसते. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तान्हेपणी रक्तातील साखर अचानक घसरण्याची, कारण त्यात झटकेही येऊ शकतात. बहुतेक मुलांची बुद्धी इतर मुलांसारखीच असते, तेव्हा केवळ उंची पाहून त्यांना खालच्या वर्गात बसवणे हा मोठा अन्याय आहे.

उपचार म्हणजे उणीव असलेले आयजीएफ-१ थेट देणे. मेकासर्मिन या नावाच्या औषधाला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. ते दिवसातून दोनदा त्वचेखाली टोचतात, आणि तेही जेवणाच्या किंवा खाण्याच्या आगेमागे २० मिनिटांत. मूल जेवले नाही तर तो डोस वगळायचा, पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही, कारण साखर घसरते. टॉन्सिल वाढणे, सततची डोकेदुखी यांवरही लक्ष ठेवावे लागते. पहिल्या वर्षी उंचीला चांगला वेग येतो, नंतर तो मंदावतो. सगळी उणीव भरून निघत नाही, औषध महाग आहे, आणि हाडांची टोके जुळून आल्यावर त्याचा उंचीसाठी उपयोग राहत नाही. म्हणून वाढ मागे पडल्याचे वेळीच कळायला हवे; त्यासाठी अंगणवाडीतील उंचीच्या नोंदी कन्नडमध्ये असल्या, तरी त्या सेविकेकडून समजून घ्याव्यात आणि तपासणीला येताना सोबत आणाव्यात.

आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांसाठी. हा दोष साधारणपणे आई आणि वडील या दोघांकडून येतो, तेव्हा सुनेला बोल लावणे सर्वस्वी चुकीचे आहे. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, आणि नात्यातील लग्नात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. दोघांकडेही तो दोष असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी त्या दांपत्याने जनुकीय सल्ला घ्यावा.