जुन्या चर्चची खिडकी आणि परवानगी: माझा अनुभव

वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका छोट्या गावात आम्ही राहतो ते घर मुळात चर्च होतं. व्हिक्टोरियन काळातलं, दगडी, उतरत्या पाटीच्या छपराचं. उपासना बंद झाल्यावर ते विकलं गेलं आणि एका बिल्डरने आत मजले टाकून त्याचे फ्लॅट केले. अशी चर्चं इंग्लंडमध्ये गावोगाव दिसतात. इथे घर शोधणाऱ्या मराठी मंडळींनाही त्यांची भुरळ पडते, आणि खिडक्यांबद्दल मला वारंवार विचारणा होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आमच्या बेडरूमची खिडकी म्हणजे दोन उंच, निमुळत्या टोकदार कमानी, मध्ये दगडी खांब आणि वर एक गोल झरोका. बिल्डरने टाकलेला मजला नेमका तिच्या मधून जातो. वरचा अर्धा भाग आमच्याकडे, खालचा अर्धा खालच्या बिऱ्हाडात. काचा चित्रांच्या नाहीत. फिकट हिरव्या-पिवळसर शंकरपाळी काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या आणि कडेने लाल-निळी किनार. दुपारच्या उन्हात ती किनार जमिनीवर उतरते. या खिडकीसाठीच आम्ही घर घेतलं, हे खरंच आहे.

पण हिवाळ्यात तिच्यापाशी उभं राहवत नसे. रात्रभर खोलीतल्या श्वासांचं पाणी शिशावर साचायचं आणि सकाळी दगडी उंबऱ्यावर थारोळं. बाहेरून कुणीतरी पूर्वी पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा ठोकला होता, तो पिवळा पडून गढूळ झाला होता. सासूबाई सोलापूरहून राहायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, खिडकी म्हणायची आणि वारा घ्यायला उघडता येत नाही, हे गं कसलं बांधकाम?" त्यांचं बरोबर होतं. आम्हाला तीन गोष्टी हव्या होत्या: थंडी थांबावी, थोडा वारा यावा आणि खालच्या भागात साधी पारदर्शक काच बसवून बाहेरचं दिसावं.

इमारत ग्रेड टू लिस्टेड आहे, म्हणजे कायद्याने जपायच्या वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत सगळ्यात खालच्या दर्जाची. इंग्लंडच्या राष्ट्रीय यादीत सुमारे ४ लाख नोंदी आहेत आणि त्यातल्या लिस्टेड इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टूच आहेत. त्यामुळे 'टू म्हणजे फारसं कडक नसेल' असं अनेकांना वाटतं. तसं अजिबात नाही. १९९० च्या कायद्यानुसार इमारतीच्या वैशिष्ट्याला बाधेल असं कोणतंही काम, आतलं असो वा बाहेरचं, लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटशिवाय (यादीतल्या इमारतीत बदल करण्याच्या खास परवानगीशिवाय) करणं हा फौजदारी गुन्हा आहे. दंडाला वरची मर्यादा नाही आणि २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय आधीच्या मालकाने विनापरवाना केलेलं काम पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकावर निघू शकते, कितीही वर्षं उलटली तरी. त्या पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याची परवानगी आम्ही कौन्सिलच्या जुन्या नोंदींत शोधली, मिळाली नाही. मग माझी झोप उडाली.

आणखी एक गोष्ट इथे कळली. चर्च ऑफ इंग्लंडची चालू चर्चं या कन्सेंटमधून वगळलेली असतात. त्यांची स्वतःची परवानगीची पद्धत आहे. चर्च बंद होऊन घर झालं की ती सवलत संपते आणि सगळं स्थानिक कौन्सिलकडे येतं. शिवाय आमचा फ्लॅट. स्वतंत्र घरांना बाहेरचे किरकोळ बदल अर्जाविना करायची जी मोकळीक असते, ती फ्लॅटना नाही. त्यामुळे पत्रा काढल्याने बाहेरचं रूप बदलणार म्हणून प्लॅनिंग परमिशन, म्हणजे कुठल्याही इमारतीतल्या बांधकाम-बदलाला लागणारी सर्वसाधारण परवानगीही लागेल, असं कौन्सिलने सांगितलं. लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटच्या अर्जाला फी नाही, प्लॅनिंगच्या अर्जाला आहे. दोन्ही अर्ज एकत्र द्यायचे.

अर्जाआधी कौन्सिलचा सल्ला पैसे भरून मिळतो. मी म्हणेन, हे पैसे डोळे मिटून भरा. आमच्याकडे आलेल्या, कौन्सिलमध्ये जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम बघणाऱ्या कन्झर्व्हेशन ऑफिसर बाईंनी खोलीकडे पाहिलंसुद्धा नाही. टॉर्च घेऊन त्या थेट खिडकीशी वाकल्या. शिशाच्या जाळीला आधार देणारे लोखंडी आडवे गज असतात, ते दोन्ही टोकांना दगडात रुतवलेले असतात आणि जाळी त्यांना तांब्याच्या तारेने बांधलेली असते. एका गजाच्या टोकाशी त्यांनी नख लावलं, तर गंजाची खपली निघाली. त्याच जागी दगडात केसाएवढी भेग वर गेली होती. "गंज फुगतो," त्या म्हणाल्या, "आणि दगड फोडतो. तुम्हाला थंडी वाजते आहे, आणि इकडे खिडकी हळूहळू तुटते आहे." मग जाळीवर तळहात टेकवून दाखवलं, की मधला भाग पोटासारखा बाहेर आला आहे. बाहेरच्या पत्र्यामुळे आत कोंडलेली ओल कधी वाळतच नव्हती.

पारदर्शक काचेला त्यांनी तिथल्या तिथे नकार दिला. रंगछटेच्या त्या काचा एकसंध पडद्यासारख्या आहेत, खालचा पट्टा बदलला तर बाहेरून खिडकीचे दोन तुकडे दिसतील. मला वाईट वाटलं, पण रस्त्याच्या पलीकडे उभी राहून मी पाहिलं तेव्हा पटलं. नवी उघडणारी चौकट बसवायलाही नकार. आतून दुसरी काच लावायला मात्र त्या तयार होत्या, नीट केली तर. निघताना त्यांनी विचारलं, "या पत्र्यामागे मुळात काय होतं, याचा काही पुरावा मिळतो का बघा."

हा प्रश्न पुढे सगळ्यात कामाचा ठरला. आमच्या भागातल्या पॅरिशची (चर्चच्या स्थानिक हद्दीची) जुनी कागदपत्रं वेकफील्डला वेस्ट यॉर्कशायर आर्काइव्ह सर्व्हिस या अभिलेखागारात ठेवलेली असतात. तिथे वेळ ठरवून जावं लागतं, पेन चालत नाही, पेन्सिल न्यायची. खोक्यात जमाखर्च आणि दुरुस्तीची पत्रं, आणि त्यांच्यातच चर्चच्या दक्षिण बाजूचा एक फोटो. आमच्या खिडकीत, अर्ध्या उंचीवर, एक छोटी झडप आत कलंडलेली स्पष्ट दिसत होती! तिला इथे हॉपर म्हणतात. खालच्या कडेवर बिजागरी आणि वरून दोरीने उघडायची लोखंडी चौकट. घरी येऊन आम्ही पाहिलं, तर आमच्या मजल्यापासून गुडघाभर उंचीवर ती चौकट होतीच. रंगाच्या थरांखाली आणि पत्र्यामागे बुजून गेली होती, इतकंच. म्हणजे नवीन झडप मागायची गरजच उरली नाही, आहे तीच दुरुस्त करायची परवानगी मागायची होती. सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं, वाऱ्याची सोय असणारच."

अर्जाचा गाभा म्हणजे हेरिटेज स्टेटमेंट, वास्तूचं महत्त्व आणि बदलांचा तिच्यावर होणारा परिणाम सांगणारं निवेदन. ते आर्किटेक्टकडून लिहून घेता येतं, पण मी त्यांच्यासोबत बसून लिहिलं आणि त्याचा फार उपयोग झाला. राष्ट्रीय प्लॅनिंग धोरणाचा हिशेब असा असतो: वास्तूच्या महत्त्वाला किती बाधा येते आणि तिच्या बदल्यात लोकांचा काय फायदा होतो. माझी बेडरूम उबदार होणं हा माझा फायदा, लोकांचा नाही. गंजलेले गज काढणं, फुगलेली जाळी सरळ करणं, पत्रा काढून खिडकीचं मूळ रूप रस्त्यावरून पुन्हा दिसणं, आणि इमारत राहती राहणं, हा सगळ्यांचा. म्हणून स्टेटमेंटमध्ये आधी खिडकी काय आहे, कशाने बिघडते आहे, तिला काय लागतं, हे फोटोंसह मांडलं. आमची थंडी शेवटी आली. पहिल्या मसुद्यात उलटा क्रम होता आणि तो वाचताना आमच्या आर्किटेक्टनेच मान हलवली होती.

याच सुमारास मी स्पॅब (सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज) या जुन्या इमारती जपणाऱ्या संस्थेच्या मोफत तांत्रिक सल्ल्याच्या फोनवर बोलले. लेखक आणि डिझायनर विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये ही संस्था काढली ती जुन्या चर्चांचं 'जीर्णोद्धारा'च्या नावाखाली होणारं नुकसान पाहून. ट्यूक्सबरीच्या ॲबीत, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चमध्ये, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट करणार असलेल्या कामाने तो पेटला होता. हे स्कॉट म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे वास्तुरचनाकार. ओव्हल मैदानावरून तो टॉवर बघत मोठी झालेली मी, यॉर्कशायरमध्ये त्यांच्याच काळातल्या गॉथिक कमानीच्या शिशासाठी भांडत होते, याची मला मनापासून गंमत वाटली. स्पॅबचा सल्ला सरळ होता: दुरुस्ती आधी, बदल नंतर, आणि बदल केलाच तर उद्या काढता येईल असा करा.

आतल्या काचेच्या रेखाटनांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. चौकट बारीक हवी आणि तिच्या उभ्या-आडव्या रेषा दगडी खांबाच्या व गजांच्या मागे लपायला हव्यात. स्क्रू दगडात नाही, चुन्याच्या सांध्यात. काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली, कारण मजला खिडकीच्या मधून जात असल्याने काच जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या आत येते आणि तिथे सुरक्षित काच बंधनकारक आहे. शिवाय रस्त्याचा आवाजही कमी होतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन काचांमधली पोकळी. खोलीतली दमट हवा तिथे शिरली तर पाणी पुन्हा जुन्या शिशावरच साचणार. म्हणून आतली काच घट्ट बंद होणारी, पण साफसफाईसाठी उघडणारी, आणि पोकळीला हवा बाहेरच्या बाजूने. हे सगळं १:५ च्या छेद-रेखाटनात दाखवावं लागलं. ते नसल्यामुळे कौन्सिलने अर्ज आधी नोंदवूनच घेतला नव्हता, आणि नोंद होत नाही तोवर ८ आठवड्यांची मुदत सुरू होत नाही.

मालकीचा भागही समजून घ्या. अर्जात मालकीचं प्रमाणपत्र असतं. फ्लॅटमध्ये फ्रीहोल्ड, म्हणजे जमीन-इमारतीची मूळ मालकी दुसऱ्याकडे असते, आणि ज्यांच्या लीजची (भाडेपट्ट्याची) किमान ७ वर्षं उरली आहेत तेही कायद्याने मालकच. पत्रा संपूर्ण खिडकीवर असल्याने खालच्या मजल्यावरच्या आजोबांना रीतसर नोटीस द्यावी लागली. मी नोटीस द्यायला गेले, तर त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाले, "माझ्याही अर्ध्या भागाची जाळी दुरुस्त होणार असेल तर मीही सामील होतो." खर्च वाटला गेला आणि अर्ज बळकट झाला, कारण अर्धीच खिडकी दुरुस्त करण्यात कुणालाच अर्थ वाटत नव्हता.

वटवाघळांचं मात्र डोक्यात नव्हतं. जुन्या चर्चमध्ये ती असतातच, आणि १९८१ पासून कायद्याने त्यांना पूर्ण संरक्षण आहे. पत्र्यामागच्या फटीत ती राहू शकतात, म्हणून तज्ज्ञाची पाहणी मागितली गेली. ही प्राथमिक पाहणी वर्षभर केव्हाही होते, पण खुणा सापडल्या तर संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या वटवाघळांची मोजणी मे ते सप्टेंबरमध्येच करता येते. आमच्या फटीत काही निघालं नाही. हिवाळ्यात खुणा निघाल्या असत्या तर उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागलं असतं. ही पाहणी अगदी सुरुवातीलाच करून घ्या.

पुढे फाटकावर नोटीस लागली, हरकतींची मुदत गेली, एका शेजारीण बाईंनी पत्रा जाणार म्हणून आनंदाचं पत्र लिहिलं. मध्येच आमच्या ऑफिसर बाई दुसरीकडे गेल्या आणि नव्या ऑफिसरना सगळं पहिल्यापासून समजवावं लागलं. त्यांनी मुदतवाढ मागितली तेव्हा माझे यजमान चिडले होते. मी द्यायला लावली. न दिल्यास निर्णय लांबला म्हणून अपील करता येतं, पण अपील आपल्या कौन्सिलच्या निर्णयापेक्षा लवकर लागेल याची कुणी हमी देत नाही.

परवानगी आली ती अटींसह. काम ३ वर्षांत सुरू करायचं. गजांच्या टोकांना स्टेनलेस स्टील जोडायचं, म्हणजे दगडात गंजणारं लोखंड उरणार नाही. शक्य तितक्या जुन्या काचा परत वापरायच्या. चुन्याच्या मसाल्याचा नमुना आधी दाखवायचा. शिशाचं काम करणाऱ्या कारागिराने जाळी काढण्यापूर्वी कागद ठेवून पेन्सिलीने घासून तिचा ठसा घेतला, प्रत्येक काचेला नंबर दिला आणि मगच हात लावला. २०१२ पर्यंत लिस्टेड इमारतींतल्या मंजूर बदलांना व्हॅट लागत नसे. ती सवलत गेली, त्यामुळे बिलावर पूर्ण २० टक्के धरा.

आता झडप उघडते, उंबरा कोरडा असतो आणि हीटिंगचं बिल कमी झालंय. शेजारच्या फ्लॅटवाल्यांनी आमची रेखाटनं मागून नेली आहेत. त्यांच्या खिडकीत मात्र संतांची रंगवलेली चित्रं आहेत, आणि रंगवलेल्या काचेला ओल आणि तापमान दोन्ही जास्त बाधतं. त्यांना मी आधी काच-संवर्धन करणाऱ्या तज्ज्ञाला बोलवायला सांगितलं आहे. आमची पोकळी त्यांच्या खिडकीला चालेलच असं नाही.