ओकायामातल्या कंपनीत साहेबांचं 'सान' कुठे जातं?

पुणेकरांना जपानमधल्या ओकायामा शहराचं नाव माहीत असतं ते सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे. इथल्या कोराकुएन बागेवरूनच ते उद्यान साकारलं आहे. कॉलेजच्या एक्स्चेंज प्रोग्रॅममधून मी सध्या त्याच ओकायामात आहे आणि नुकतीच आम्ही यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीला भेट दिली. कारखाना चोख होताच, पण तुम्हा सगळ्यांना सांगावंसं वाटतं ते तिथल्या माणसांच्या वागण्याबद्दल.

आम्हा विद्यार्थ्यांनाही मेइशी, म्हणजे व्हिजिटिंग कार्डं, आधीच छापून घ्यायला लावली होती. कार्ड द्यायचं ते उभं राहून, दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याला सुलट दिसतील असं. भेटायला गेलेल्याने आधी द्यायचं. मिळालेलं कार्ड वाचायचं, खिशात टाकायचं नाही. बैठकीत माणसं ज्या क्रमाने बसली असतील त्याच क्रमाने कार्डं टेबलावर मांडून ठेवतात. हे मला फार आवडलं. ओळख होऊन पाच मिनिटंही झालेली नसताना प्रत्येकाशी त्याच्या नावाने बोलता येत होतं.

बसायच्या जागाही ठरलेल्या. दारापासून सगळ्यात लांबची जागा कामिझा, मानाची. तिथे आम्हाला बसवलं. यजमानांतला सगळ्यात धाकटा दाराजवळ. टॅक्सीतही ड्रायव्हरच्या मागची सीट वडीलधाऱ्याची आणि ड्रायव्हरशेजारची धाकट्याची, कारण पत्ता सांगणं, पैसे देणं त्याच्याकडे. लिफ्टमध्ये बटणांपाशी तोच. आपल्याकडे 'तुम्ही इकडे या, अहो बसा हो' असा आग्रह चालतो. इथे तो करावाच लागत नाही.

सगळ्यात विलक्षण वाटलं ते मात्र वेगळंच. आमच्या प्राध्यापकांनी स्वागतकक्षात कंपनीच्या अध्यक्षांची चौकशी केली. तिथल्या मुलीने उत्तरात अध्यक्षांचं नुसतं आडनाव घेतलं. मागे आपल्या 'जी'सारखं आदराचं 'सान' नाही, 'शाचो' म्हणजे अध्यक्ष हे पदही नाही, क्रियापदसुद्धा नम्रतेचं. आत गेल्यावर तेच अध्यक्ष सगळ्यांचे अदबीने 'शाचो'! बाहेरच्या माणसाशी बोलताना आपला कितीही मोठा माणूस आपल्याच बाजूचा धरायचा आणि मान समोरच्याला द्यायचा, अशी ही रीत. घरातही तेच: आईला हाक मारताना 'ओकासान', पण बाहेर तिच्याविषयी सांगताना 'हाहा'.

आपल्या ऑफिसांत फोनवर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं ऐकत मी मोठी झाले. त्यात साहेबांचा मान राहतो, पण फोन करणारा आपोआप एक पायरी खाली जातो. जपानी पद्धतीत पाहुणा कधीच खाली जात नाही, मग तो आमच्यासारखा शिकाऊ का असेना. मला ही पद्धत मनापासून पटली.

पुण्यात जपानी शिकणाऱ्या आणि पुढे इकडे येऊ पाहणाऱ्यांनी केइगो, म्हणजे आदराची भाषा, शेवटच्या धड्यांपर्यंत थांबवून ठेवू नये. 'शाचो'सारखी पदं, नम्र क्रियापदं आधीपासून मोठ्याने बोलून घोटावीत. कार्डावर नाव काताकानातही, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीतही, छापा, नाहीतर आपली आडनावं कशी उच्चारायची हे समोरच्याला कळत नाही. कार्डं ठेवायला छोटी डबीही हवी. आणि भेट झाली की त्याच दिवशी आभाराची मेल धाडा.