बोइपाटाँग ते मतपत्रिकेवरची पट्टी

१७ जून १९९२ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेतल्या बोइपाटाँगमध्ये चाळीसहून अधिक माणसं मारली गेली. हल्लेखोर जवळच्या कामगार वसतिगृहातून आले होते. नेल्सन मंडेलांच्या एएनसी (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) पक्षाने वर्णभेद संपवण्यासाठी गोऱ्या सरकारशी चाललेल्या वाटाघाटी थांबवल्या. पण एएनसीचे सिरिल रामफोसा आणि सरकारचे रुल्फ मेयर यांनी आपसातलं बोलणं तुटू दिलं नाही. माझ्या मते देश तिथेच वाचला. हल्लेखोर वसतिगृहातून आले होते, म्हणूनच सरकार आणि एएनसी यांच्या २६ सप्टेंबरच्या करारात अगदी रस्त्यावरच्या गोष्टी आल्या: वसतिगृहांना कुंपण, भाले-कुऱ्हाडी मिरवायला बंदी. मोठी चूक झाली ती झुलूंच्या इन्काथा पक्षाचे नेते बुथेलेझी यांना बाजूला ठेवण्यात. ते संतापून बोलणी सोडून गेले, नाताळ प्रांतात रक्त सांडत राहिलं. इन्काथा निवडणुकीत उतरली १९ एप्रिल १९९४ ला, मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी. मतपत्रिका तोवर छापून झाल्या होत्या! मग त्यांच्या तळाशी इन्काथाचं नाव, चिन्ह आणि बुथेलेझींचा फोटो असलेली पट्टी चिकटवायचं काम सुरू झालं.