एअर रायफल प्रकल्प, टप्पा 1: पाया मिळाला

दीड महिना शोधाशोध करून अखेर रायफल घरी आली. डायना कंपनीची 34, नळीचं माप 4.5 मिमी, नळी सांध्यातून खाली वाकवून ताणायची, स्प्रिंगवर चालणारी. वापरलेली आहे. दस्ता दोन ठिकाणी चिरलेला, पॉलिश उडालेलं, एका स्क्रूचं डोकं पार घासून गेलेलं. किंमत खाली आली ती यामुळेच, आणि दस्ता तर मी नवा अक्रोडाच्या लाकडातून कोरणारच आहे. जे फेकून द्यायचं त्याचे पैसे का मोजायचे?

सुरुवातीला वायराउख कंपनीची एचडब्ल्यू 30 एस रायफल मनात होती. तिचा ‘रेकॉर्ड’ नावाचा ट्रिगर मला फार आवडतो, पण इतक्या नीट जमलेल्या रायफलला हात लावावासा वाटेना. 34 चे सुटे भाग सहज मिळतात, उघडायलाही ती सोपी. 4.5 मिमीच घेतली, कारण मला 10 मीटरवर कागद फोडायचाय आणि सपाट डोक्याचे मॅच पेलेट, म्हणजे नेमबाजी स्पर्धेचे छर्रे, त्याच मापात मिळतात. त्या अंतरावरच्या रायफलच्या लक्ष्यपत्रावर दहाचा ठिपका जेमतेम 0.5 मिमीचा असतो!

घेताना सगळा वेळ नळीवर घालवला, कारण ती मला घरी बनवता येणार नाही. तोंडाच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवला. कुठे खरड असती तर तंतू अडकले असते. एकही अडकला नाही. मग सळईने एक पेलेट मागून पुढे हळूहळू ढकलला. सुरुवातीला घट्ट, पुढे एकसारखा, मध्येच सैल कुठेच नाही. नळी बंद करून आडवी हलवून पाहिली, बिजागरी खुळखुळली नाही. शेवटी सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून गोळी झाडली, तेव्हा पट्टी जराशी फडफडली. म्हणजे तिथलं हवा अडवणारं सील गेलंय. ते बदलणं किरकोळ काम, म्हणून मागे हटलो नाही.

घरी क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) 0.53 ग्रॅमचे 10 पेलेट झाडले. त्याआधीचे काही धरले नाहीत, कारण आत साचलेलं तेल जळलं की वेग उगाच वाढतो. आकडे 158 ते 181 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे साधारण 6.6 ते 8.7 ज्यूल. ताकद कमी आहे याचं मला काही नाही, 10 मीटरला पुरते. पण 23 मीटरचा फरक खुपतो. वेग असा वरखाली होत असेल, तर दस्ता कितीही सुंदर कोरला तरी गट जमणार नाही, म्हणजे गोळ्या एका जागी लागणार नाहीत.

म्हणून लाकूड बाजूला ठेवून आधी आतलं काम. रायफल स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरवरच उघडली. ताण न उतरवता मागचा भाग काढू नका, आतली स्प्रिंग बोटं मोडेल. स्प्रिंग बाहेर काढून काचेवर लोळवली तर डुलत गेली, मध्ये वाकलीय. पिस्टनचं सील एका बाजूने झिजलंय. सिलिंडरच्या भिंतीवर मात्र नखाला लागेल असा एकही ओरखडा नाही, हे पाहून फार बरं वाटलं.

ट्रिगरच्या आतल्या पकडीला मी कानस लावणार नाही. ताणलेली रायफल आपोआप सुटली तर नळी हातावर येते. फक्त साफसफाई आणि मॉली (मॉलिब्डेनम) ग्रीसचं बोट.

स्प्रिंग आणि दोन्ही सील मागवलीत. तोवर जुन्या दस्त्याचं माप कागदावर उतरवतोय. गालाखालचा भाग किती उंच ठेवायचा ते अजून ठरत नाही. दुर्बीण बसवणाऱ्यांनी आपली मापं सांगावीत.