कन्व्हर्टर निर्दोष, संशय आता थ्रॉटल सेन्सरवर

मंडळी, माझ्या गाडीचा ७००-आर-४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवायचा बेत रद्द. मागच्या अपडेटनंतर बहुतेकांचा कौल "कन्व्हर्टर गेला, बदलून टाक" असाच होता (कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग), आणि लक्षणं तशीच होती. चौथ्या गिअरमध्ये गाडी एका लयीत चाललेली असताना लॉकअप (कन्व्हर्टरच्या आतला क्लच लागून दोघं थेट जोडले जाणं) मधूनच सुटायचं, आरपीएम वर जायचे आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा लागायचं. गाडी गरम झाल्यावर त्रास जास्त. गिअरबॉक्सचं ऑइल जळकं नाही, त्याच्या तळाच्या पॅनमधल्या मॅग्नेटवर नेहमीची राखाडी भुकटी, लॉकअपचा सॉलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) नवा. टेस्ट लॅम्प म्हणत होता की ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) लॉकअप मागतोय. म्हणजे मागणी आहे, पण क्लच धरत नाही. उघड दिसणारा निष्कर्ष हाच.

मला फक्त आरपीएमचा काटा खटकत होता. तो सरकत नव्हता, उडी मारत होता.

लॉकअप लागलेलं असताना इंजिनाचे आरपीएम किती हवेत हे कागदावर काढता येतं, आणि ज्यांनी अजून काढले नसतील त्यांनी आधी तेवढं करा. टायरवर खडूची खूण करायची, माणूस आत बसवून गाडी चाकाच्या एका फेऱ्याएवढी ढकलायची आणि जमिनीवरचं अंतर मोजायचं. माझं जवळपास २ मीटर भरलं. ताशी ९० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,५०० मीटर, म्हणजे चाकाचे ७५० फेरे. डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.०८ आणि ७००-आर-४च्या चौथ्या गिअरचं ०.७०. गुणाकार १,६१७. वेग जीपीएसवर बघायचा, स्पीडोमीटरवर नाही. लॉकअप लागलं की माझा काटा बरोबर १,६०० च्या जरा वर बसतो, म्हणजे क्लच घट्ट धरतोय, घसरण शून्याच्या जवळ. सुटलं की थेट १,९००.

क्लचचं अस्तर झिजलं असतं, किंवा टर्बाइन शाफ्टच्या टोकाची ती कुप्रसिद्ध ओ-रिंग कापली गेली असती, तर पिस्टनमागचा दाब गळून क्लच हळूहळू घसरला असता. चढावर १,६५०, मग १,७००, मग १,७८०, जोडीला थरथर. माझ्याकडे चढ-उताराचा काही संबंधच नव्हता. १,६००, नाहीतर १,९००. मधलं काही नाही. तेलाचा दोष असा बटण दाबल्यासारखा वागत नाही, विजेचा वागतो.

मग टेस्ट लॅम्प खोटं बोलत होता का? नाही, तो अर्धंच बोलत होता. आपण सगळे एएलडीएलच्या (डॅशखालच्या तपासणीच्या सॉकेटच्या) एफ पिनला लॅम्प लावतो. सॉलेनॉइडला ब्रेक स्विचमधून १२ व्होल्ट मिळतात आणि ईसीएम दुसरं टोक अर्थ करतो, म्हणजे मायनसला जोडतो. अर्थ केलं नसेल तेव्हा ते १२ व्होल्ट कॉइलमधून एफवर दिसतात आणि लॅम्प लागतो. अर्थ केलं की लॅम्प विझतो, आणि आपण खुश होतो की कमांड आली. पण ब्रेक स्विचकडून येणारा करंटच तुटला, तरीही लॅम्प विझलेलाच राहतो! लॉकअप सुटलं आणि लॅम्प तसाच विझलेला, म्हणून दोष क्लचचा, या तर्काला इथेच भोक आहे. त्या विझलेल्या लॅम्पच्या भरवशावर किती चांगले कन्व्हर्टर भंगारात गेले असतील कोण जाणे.

म्हणून दोन दिवे केले. लाल एलईडी एफ पिनवर, हिरवा गिअरबॉक्सच्या कनेक्टरच्या ए पिनवर, म्हणजे सॉलेनॉइडला जिथे प्लस पोहोचतो तिथे. दोघांनाही १ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे जेमतेम १२ मिलिअँपिअर ओढतात. मुद्दाम एलईडी. जुन्या पद्धतीचा जाड बल्ब एफवर लावला तर त्याच्यातून जाणारा करंट सॉलेनॉइडमधूनही जातो आणि मोजमापच गढूळ होतं. वायरीचं आवरण टोचून जोडण्या करू नका. कनेक्टरच्या मागून बारीक पिन सारा. टोचलेल्या जागी आत पाणी जातं आणि पुढच्या वर्षी तिथेच नवा दोष उगवतो.

वाचायचं असं. दोन्ही लागलेले: पुरवठा आहे, ईसीएमने मागितलेलं नाही. हिरवा लागलेला आणि लाल विझलेला: मागितलंय, करंट वाहतोय. दोन्ही विझलेले: वरूनच पुरवठा तुटलाय. कॉइल आतून तुटली तरी हिरवा चालू, लाल बंद असंच दिसेल, पण तिचा रोध २५ ओहम आहे, तो मोजलेला होता. काही वर्षांच्या गाड्यांत पॅनच्या आत याच वाटेवर प्रेशर स्विचही असतात, तेव्हा वायरिंगचा नकाशा आपल्याच वर्षाचा घ्या.

दोन्ही दिवे टॅकोमीटरच्या कडेला चिकटपट्टीने लावले आणि शेजाऱ्याला मागच्या सीटवरून फोनवर शूटिंग करायला बसवलं. रस्त्यावर डोळे ठेवायचे की दिव्यांवर, हा प्रश्नच मिटला. घरी येऊन एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितलं. खडबडीत पट्टा येतो, हिरवा दिवा आधी फडफडतो, मग पूर्ण विझतो. लाल आधीपासून विझलेलाच. पुढच्या काही फ्रेममध्ये काटा जागेवर आहे आणि मग तो उसळतो. आधी दिवा, मग काटा. गिअरबॉक्सचा एक नट न उघडता उत्तर मिळालं. ते दृश्य मी किती वेळा पुन्हा चालवून बघितलं ते विचारू नका.

पुढचं सोपं. ब्रेक दिवे नीट लागतात, म्हणून त्या स्विचकडे कोणी बघत नाही. पण लॉकअपचे पॉइंट वेगळे. पेडल मोकळं असताना ते जुळलेले असतात, पाय पडला की उघडतात. स्विच ज्या क्लिपमध्ये रुतून बसतो ती क्लिप झिजून ढिली झाली होती, त्यामुळे स्विच मागे सरकला होता आणि पॉइंट अगदी काठावर आले होते. पेडल जरा थरथरलं की उघडले. नवीन स्विच मागवला होता, पण त्याचा दांडा हातातच डुगडुगत होता. त्या पुरवठादाराचं पॅकिंग मात्र झकास! तो परत पाठवला, जुनाच स्विच नव्या क्लिपमध्ये पूर्ण आत ढकलला आणि पेडल हाताने वर ओढलं. टक टक टक करत तो आपली जागा स्वतः शोधतो. आवाज थांबला की काम झालं. कनेक्टरवर आता १३.९ व्होल्ट, बॅटरीवर १४.१.

खडबडीत रस्त्यावर लॉकअप सुटणं पूर्ण बंद. पण गुळगुळीत, मोकळ्या रस्त्यावर ते अजूनही अधूनमधून सुटतंच! पुन्हा शूटिंग केलं. या वेळी हिरवा एकदम स्थिर, आणि लॉकअप सुटतं त्या क्षणी लाल दिवा लागतो. म्हणजे पुरवठा आहे, कॉइल शाबूत आहे, आणि ईसीएम स्वतःच हात सोडतोय.

यामुळे माझा आधीचा लाडका सिद्धांतही निकालात निघाला. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २० अंशाला २५ ओहम असलेली कॉइल १०० अंशाच्या तेलात ३३ ओहमच्या आसपास जाते, करंट ०.५६ अँपिअरवरून ०.४२ वर येतो. गरम झाल्यावर सॉलेनॉइड दुबळा पडतो, असं मांडायला छान होतं. पण तसं असतं तर लाल दिवा लागलाच नसता.

ईसीएम कधी सोडतो? इंजिन थंड वाटलं, वेगाचा सिग्नल गेला, किंवा थ्रॉटल अचानक हलल्यासारखा दिसला तर. कूलंट सेन्सर गरम असताना २०० ओहमच्या आत आहे, थर्मोस्टॅट नीट बंद होतो. ते बाद. वेगाचा सिग्नल गेला असता तर स्पीडोमीटरनेही काहीतरी सांगितलं असतं. उरला थ्रॉटल सेन्सर, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप (थ्रॉटल) किती उघडी आहे हे ईसीएमला सांगणारा.

इथे डिजिटल मीटर ठेवून द्या आणि कपाटातला जुना काट्याचा मीटर काढा. डिजिटल मीटर सरासरी दाखवतो, क्षणभराचा झटका गिळून टाकतो. इंजिन बंद, चावी ऑन, सिग्नलच्या वायरीवर मीटर, आणि थ्रॉटल हाताने अगदी सावकाश उघडला. काटा ०.५४ पासून गुळगुळीत वर चढला, साधारण १ व्होल्टपाशी आला आणि टचकन खाली जाऊन परत आला. पुन्हा केलं, तिथेच. त्याच्या पुढे पूर्ण उघडेपर्यंत एकदम सरळ. सेन्सरच्या आतला रोधाचा पट्टा नेमका तिथेच झिजलाय जिथे गाडी वर्षानुवर्षं ९० च्या वेगाने चालली. ईसीएमला ते पाय झटक्यात काढून परत टाकल्यासारखं दिसतं आणि तो नियमाप्रमाणे लॉकअप सोडतो. बिचारा आपलं काम करतोय.

"गरम झाल्यावर जास्त" याचाही उलगडा झाला. थंड इंजिनावर लॉकअप मिळतच नाही, आणि पाय एका जागी स्थिर राहतो तो मोकळ्या रस्त्यावर पोहोचल्यावर. तोवर गाडी गरम झालेलीच असते. उष्णता फक्त सोबतीला होती.

नवीन सेन्सर मागवायचा म्हणून यादी काढली होती, पण हे लिहितानाच एक सुचलं. माझा सेन्सर लांबट भोकांवर बसतो, जरा फिरवता येतो. तो किंचित फिरवला तर झिजलेली जागा पेडलच्या वेगळ्या स्थितीला येईल. मग लॉकअप ९० ऐवजी ७५ ला किंवा १०० ला सुटायला लागलं, तर सेन्सर मागवण्याआधीच पुरावा हातात. सुरुवातीचा व्होल्टेज तेवढ्यापुरता हलेल, पण चाचणीनंतर परत ०.५४ ला आणता येईल. म्हणजे मागणी दोन दिवस थांबली.

ज्यांनी डॅशवर टॉगल स्विच लावून लॉकअप हाताने चालवायचा सल्ला दिला, त्यांना प्रेमाने नकार. सिग्नलला थांबताना स्विच बंद करायचा विसर पडला तर इंजिन बंद पडू शकतं, आणि खालच्या वेगात जोर लावला तर चांगला क्लच आपल्याच हाताने खराब. टीव्ही केबललाही (थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या केबलला) या भानगडीत कोणी हात लावू नका. ती लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधला तेलाचा दाब ठरवते, आणि ती चुकली तर आतले क्लच जळतात.

एक बारीक थरथर अजून शिल्लक आहे, लॉकअप लागताना, हलक्या पायावर, दर वेळी नाही. ती क्लचची आहे की त्याच सेन्सरमुळे ईसीएम पटकन लाव-सोड करतोय, हे दिव्यांवर अजून पकडता आलेलं नाही. ज्यांच्या गाडीत थ्रॉटल सेन्सर नवीन आहे त्यांनी एफवर एलईडी लावून बघा आणि सांगा: लॉकअप लागताना तुमचा लाल दिवा एकदाच विझतो की विझण्याआधी लुकलुकतो?